आईला काचबिंदू निघालाय, नवीन संशोधनात यावर काही आलंय का? गेलेली नजर परत येते का?

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगून टाकतो, नाही येत. आज तरी नाही. डोळ्यामागची नस एकदा सुकली की तेवढी नजर गेली. 2020 मध्ये हार्वर्डच्या लोकांनी तीन जीन्स वापरून नसेच्या पेशी पुन्हा तरुण केल्या आणि नजर परत आली, हे खरंय, पण ती उंदरांची. व्हॉट्सअॅपवर स्टेम सेलने काचबिंदू बरा करतो असं कुणी पाठवलं तर सरळ डिलीट करा.

मी डॉक्टर नाही, 11 वर्षं काचबिंदूचा पेशंट आहे, त्यामुळे माझं उत्तर जरा एकाच गोष्टीभोवती फिरेल, ती म्हणजे डोळ्यातलं प्रेशर कमी ठेवणारे ड्रॉप्स.

तुम्ही लिहिलंय की आई 62 च्या आहेत आणि रात्री झोपताना एक ड्रॉप चालू केलाय. हा ड्रॉप घालून काही बरं वाटत नाही, बंद करून काही दुखत नाही, उलट घातला की डोळे चुरचुरतात आणि लाल होतात. मग माणूस विसरतो. मी पण विसरलो, मधे सात-आठ महिने तर "सध्या ठीक आहे" म्हणून बंदच केला होता आणि पुढच्या फील्ड टेस्टला (त्या पांढऱ्या अर्धगोलात डोकं घालून ठिपका दिसला की बटण दाबायचं असतं ती) डाव्या डोळ्यात नाकाच्या बाजूला काळा डाग वाढलेला. तो तसाच आहे अजून.

म्हणून माझ्या मते गेल्या काही वर्षांतलं सगळ्यात कामाचं संशोधन म्हणजे ब्रिटनमधली लाइट नावाची ट्रायल. तिथे 718 नवीन पेशंट घेतले, निम्म्यांना ड्रॉप्स आणि निम्म्यांना आधी एसएलटी नावाचं लेझर. निकाल 2019 मध्ये आला, तीन वर्षांनी लेझरवाल्यांपैकी 74 टक्के लोकांचं प्रेशर एकही ड्रॉप न घालता ठरवलेल्या आकड्यात होतं, आणि सहा वर्षांनीसुद्धा साधारण 70 टक्के. ऑपरेशनची वेळसुद्धा ड्रॉप्सवाल्यांपेक्षा कमी जणांवर आली. हे लेझर काही नवीन नाही बरं का, 20-25 वर्षं आहे, पण आधी ते ड्रॉप्स कमी पडल्यावर करायचे, आता क्रम उलटा झालाय. ब्रिटनच्या गाइडलाइनमध्ये 2022 पासून नवीन पेशंटला आधी लेझरच ऑफर करायला सांगितलंय. पाच-दहा मिनिटांचं काम असतं, डोळा कापत नाहीत. असर काही वर्षांनी उतरतो, मग परत करता येतं.

पण थांबा, लगेच लेझरची अपॉइंटमेंट घेऊ नका. हे लेझर ओपन अँगल प्रकारासाठी आहे. डोळ्यातलं पाणी जिथून बाहेर जातं तो कोपरा उघडा असेल तर. आपल्याकडे अँगल क्लोजरचे, म्हणजे तो कोपराच अरुंद असण्याचे पेशंट पण भरपूर असतात, आणि त्यांना जे लेझर करतात ते वेगळं, बुबुळाला बारीक भोक पाडायचं. त्यातही 2016 च्या ईगल नावाच्या ट्रायलमध्ये असं दिसलं की पन्नाशीपुढच्या अशा काही पेशंटना मोतीबिंदू नसतानाही लेन्स बदललेली जास्त फायद्याची ठरते. तेव्हा डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच, "गोनिओस्कोपी केली का, अँगल कसा आहे?" डोळ्यावर आरशाची लेन्स टेकवून बघतात ती तपासणी. गर्दीच्या ओपीडीत ती राहून जाते, माझी तर तीन वर्षं कुणी केलीच नव्हती.

गोळ्यांचं म्हणाल तर व्हिटॅमिन बी3 चा एक प्रकार, निकोटिनामाइड, सध्या चर्चेत आहे. 2017 मध्ये उंदरांवर भारी रिझल्ट आले, नंतर ऑस्ट्रेलियात 57 पेशंटवर थोड्या आठवड्यांसाठी देऊन बघितलं तर नसेचं काम थोडं सुधारलेलं दिसलं. आता मोठ्या ट्रायल चालू आहेत. डोस रोज 3 ग्रॅमपर्यंत, लिव्हरला त्रास होऊ शकतो, त्यामुळे ऑनलाइन मागवून आईंना सुरू करू नका प्लीज. अमेरिकेत डोळ्याच्या आत बसवायचे औषधाचे कण पण आलेत, हळूहळू औषध सोडणारे. आणि ऑपरेशनची वेळ आलीच तर डोळ्यातलं पाणी बाहेर काढायला बसवतात ती ट्यूब मदुराईच्या ऑरोलॅब कंपनीची घेतली तर इम्पोर्टेडपेक्षा खूप स्वस्तात पडते.

तपासणीत ओसीटी स्कॅन आता बऱ्याच ठिकाणी होतो, नसेचा थर किती पातळ झाला ते आकड्यात कळतं. फोटोवरून एआय संशय सांगतं वगैरे चालू आहे, पण निदान झालेल्या माणसाला त्याचा उपयोग कमी. त्यापेक्षा सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवा, जुन्याशी ताडून बघण्यातच खरी गंमत आहे. हो आणि आई शीर्षासन करत असतील तर बंद, 75 योग करणाऱ्यांवर आपल्याच देशात अभ्यास झालाय, उलटं झाल्यावर प्रेशर दुप्पट होतं.

आता तुमचं. आईला आहे म्हणजे तुम्हाला आणि भावंडांना धोका इतरांपेक्षा जास्त, तेव्हा स्वतःचीही तपासणी करून घ्या, आणि नुसतं प्रेशर बघून परत येऊ नका. माझ्या धाकट्या भावाच्या मी चार वर्षं मागे लागलो होतो. शेवटी चष्म्याचा नंबर काढायला गेला तेव्हा प्रेशर 17, एकदम नॉर्मल, तरी त्या डॉक्टरांनी नस बघितली म्हणून काचबिंदू सापडला. आता आम्ही दोघं एकाच दिवशी जातो आणि गाडी माझी बायको चालवते, कारण बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले की पुढचे दोन-तीन तास दोघांनाही धड दिसत नाही.