जस्ताची स्लाइड

प्रश्न : मुलगा ओहायोला असतो. त्याने रीतसर हाय-पॉइंट कंपनीचं ९ मिमी पिस्तूल घेतलं, नावाजलेल्या ग्लॉक पिस्तुलाच्या निम्म्याहूनही कमी किमतीत. मित्र ‘जस्ताचं खेळणं’ म्हणून हसतात. भरवशाचं असेल का?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : हसू देत. माझी उमर वागळे इस्टेटच्या टूलरूममध्ये गेली, त्यामुळे जस्ताच्या डाय-कास्टिंगला कुणी नावं ठेवली की मला राग येतो. साच्यात ओतून भाग काढला की मशीनिंग फार उरत नाही. स्वस्ताई तिथून येते. या पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे नळीवरचा मागे-पुढे सरकणारा भाग, अशीच जस्तात ओतलेली. नळी तिला लॉक होत नाही. गोळी सुटताना मागचा धक्का स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगच पेलतात. म्हणून स्लाइड अशी ठोकळ्यासारखी. देखणी नाही, हे खरं.

नळी मात्र पोलादीच असते. कुरकुर बहुधा मॅगझिनची, म्हणजे काडतुसं भरायच्या पेटीची. त्याच्या तोंडाच्या पत्र्याच्या कडा किंचित जरी वाकल्या, तरी काडतूस तिरकं चढतं आणि अडकतं. आपटलेलं मॅगझिन वापरू नये. ज्या काडतुसांवर भिस्त ठेवायची, तीच आधी रेंजवर भरपूर चालवून बघावीत. साफसफाईला खोलताना पिन ठोकून काढावी लागते, ती कटकट आहेच. कंपनी आजन्म वॉरंटी देते, मालक बदलला तरी. इतकं तर आपले मिक्सरवालेही देत नाहीत!

आणि हो, सुट्टीवर येताना ते तिथेच ठेवायला सांगा. ९ मिमी आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे, म्हणजे नळीचं हे माप सामान्य नागरिकांना मोकळं नाही.