हातोड्याचा दांडा आखूड का राहिला?

वाचकांचे प्रश्न : नॉर्स (प्राचीन स्कँडिनेव्हियातील) पुराणकथांतील जादूच्या वस्तू

प्रश्न : थॉर एवढा बलवान देव, मग त्याच्या म्योल्निर या हातोड्याचा दांडा आखूड का? त्यामागे काही प्रतीक आहे का?

उत्तर : स्नोरी स्टुर्लुसन या आइसलँडच्या लेखकाने 1220च्या सुमारास लिहून ठेवलेल्या कथेत याचे कारण थेट लोहाराच्या भट्टीतले आहे. लोकी या कपटी देवाने ब्रोक्क या बुटक्याशी स्वतःच्या डोक्याची पैज लावली : तुझ्या भावाला तीन अप्रतिम वस्तू घडवता येणार नाहीत. हा भाऊ, सिंद्री, भट्टीत माल घालायचा आणि ‘मी येईपर्यंत भाता थांबवू नकोस’ असे बजावून बाहेर जायचा. काम बिघडवायला लोकी माशी होऊन आला. पहिल्या खेपेला तो हाताला चावला, दुसऱ्या खेपेला मानेला, तेही दुप्पट जोराने. ब्रोक्क ढळला नाही, म्हणून डुकराच्या कातड्यातून सोनेरी केसांचे रानडुक्कर आणि सोन्यातून द्रौपनिर हे कडे बिनचूक निघाले. तिसऱ्या खेपेला भट्टीत लोखंड होते. माशी पापणीला डसली, रक्त डोळ्यांत उतरले, ती हाकलायला ब्रोक्कने हात उचलला आणि तेवढ्यात भाता बसला. सगळेच वाया जाता जाता राहिले, असे सिंद्री म्हणाला. दांडा मात्र आखूड राहिला.

आता गंमत पाहा. साधारण त्याच काळात डेन्मार्कमध्ये लिहिणारा इतिहासकार सॅक्सो याच दांड्याची हकिगत वेगळीच सांगतो : लढाईत शत्रूने तो छाटला. एकाच व्यंगाची दोन न जुळणारी कारणे मिळाली, तर आखूड दांड्याचे रूप लोकांच्या ओळखीचे आधीच झाले होते आणि कथा मागाहून जोडल्या गेल्या, असे समजायला जागा आहे. त्यामुळे ‘आखूड दांडा म्हणजे अपूर्णतेचे प्रतीक’ हे सुभाषित आम्हाला पटत नाही. देवांनी तर या व्यंगासकट हातोड्यालाच सर्वांत मोलाची वस्तू ठरवले, कारण राक्षसांपासून खरे संरक्षण त्याचेच होते.

त्याला नुसते शस्त्र समजू नका. ओडिन या देवांच्या राजाचा मुलगा बाल्डर मरतो तेव्हा त्याची चिता थॉर याच हातोड्याने पवित्र करतो, मारून खाल्लेले बोकड याच्याच बळावर पुन्हा उठवतो. थ्रिम राक्षसाच्या लग्नात तर वधूला पावन करण्यासाठी तो तिच्या मांडीवर ठेवला जातो (वधूच्या वेषात थॉरच बसलेला असतो, हा भाग वेगळा!). शिवाय स्नोरीच्या मते तो पेलायला लोखंडी हातमोजे लागतात, आणि बळ दुप्पट करणारा कमरपट्टा वेगळाच.

प्रश्न : द्रौपनिरमधून दर नवव्या रात्री आठ कडी गळतात. म्हणजे वर्षाला किती? नव्या कड्यांतूनही कडी गळतात का?

उत्तर : वर्षात नऊ रात्रींच्या चाळीस फेऱ्या बसतात, म्हणून 320. नवी कडी काही प्रसवतात असे कथेत कुठेही नाही. तसे असते तर दर फेरीला संख्या नऊपट होऊन अवघ्या 90 रात्रींत 348 कोटींच्या वर गेली असती आणि सोन्याला कुणी विचारले नसते.

आकड्यापेक्षा, गळणारी कडी मूळ कड्याच्या ‘सारख्याच वजनाची’ असतात, हे कथेतले शब्द महत्त्वाचे आहेत. व्हायकिंग काळात चांदी-सोने तोलून चालायचे, कडी तोडून तुकडे दिले जायचे. कवी उदार सरदाराला ‘कडी मोडणारा’ म्हणत. म्हणून द्रौपनिर हे साठवलेल्या धनाचे नव्हे, तर कधीही न आटणाऱ्या दातृत्वाचे चिन्ह आहे. ओडिन ते बाल्डरच्या चितेवर ठेवतो आणि बाल्डर मृतांच्या लोकातून ते परत पाठवतो. एक मेख आहे : स्नोरी एका ठिकाणी म्हणतो की हा गुण कड्यात घडणीपासूनच होता, दुसऱ्या ठिकाणी म्हणतो की चितेवर ठेवल्यानंतर आला. दोन्ही जागा वाचल्याशिवाय यावर मृत्यू-पुनर्जन्माचे इमले बांधू नयेत.

प्रश्न : फेनरिर लांडग्याला बांधणारी ग्लेपनिर ही दोरी सहा अशक्य गोष्टींची, असे वाचले. पण अस्वलाला स्नायू असतातच की!

उत्तर : बरोबर पकडलेत. मांजराच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, डोंगराची मुळे, अस्वलाचे स्नायू, माशाचा श्वास आणि पक्ष्याची थुंकी अशी यादी आहे. ‘या नसतातच ना?’ असे स्नोरी त्यातल्या पहिल्या तिघांबद्दलच विचारतो. सहाही अशक्य, हे सुलभीकरण नंतरचे. आमच्या मते या दोरीचा अर्थ यादीत कमी आणि ट्यूर या देवाच्या हातात जास्त आहे. आधीच्या दोन बेड्या लांडग्याने तोडल्या. रेशमी फितीसारखी ही तिसरी पाहून त्याला कपटाचा वास आला आणि ‘सुटता आले नाही तर सोडून देऊ’ या देवांच्या वचनाला तारण म्हणून त्याने कुणाचा तरी हात तोंडात मागितला. ट्यूरने तो दिला. दोरी आवळली तेव्हा सगळे देव हसले, ट्यूर सोडून. वचन मोडल्याची किंमत त्याने मनगटाने मोजली.

प्रश्न : व्हायकिंगांचे होकायंत्र म्हणून वेगविसीर हे चिन्ह गोंदवून घ्यायचे आहे. ते अस्सल आहे का?

उत्तर : आइसलँडमधले आहे, व्हायकिंग काळातले नाही. हे चिन्ह 1860 साली आकुरेयरी इथे उतरवलेल्या ‘हुल्द’ हस्तलिखितात मिळते. वादळातही वाट चुकू नये यासाठी ते आहे, होकायंत्राशी त्याचा संबंध नाही. तीन गुंतलेल्या त्रिकोणांचे चिन्ह स्वीडनच्या गॉटलंड बेटावरील चित्रशिळांवर खरोखर आहे, पण आजचे ‘वाल्कनुट’ हे नाव अर्वाचीन.

कोणतेही चिन्ह निवडताना आधी पाहा की ते कोणत्या वस्तूवर किंवा हस्तलिखितात आहे आणि त्याचा काळ कोणता. मग पाहा की नाव आणि आकृती तिथे एकत्र येतात का. बहुतेक ‘प्राचीन’ चिन्हे इथेच गळतात.

हातोडा मात्र टिकतो. डेन्मार्कच्या लोलांड बेटावर कोबेलेव इथे 2014 साली दहाव्या शतकातले हातोड्याचे पदक सापडले. त्यावर रून या व्हायकिंगांच्या लिपीत ‘हा हातोडा आहे’ असे कोरले आहे, आणि कोरणाऱ्याकडून ‘हमार’ (हातोडा) या शब्दातला एक स्वर सुटला आहे. हा मजकूर गोंदवणार असाल तर तो स्वर भरायचा की नाही हे आधीच ठरवा आणि गोंदणाऱ्याला कागदावर लिहून द्या.