आधी डोळा, मग रायफल
नेमबाजी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वय 52, प्रोग्रेसिव्ह चष्मा. पॉइंट टू-टूची (0.22 इंची काडतुसाची) सेमी-ऑटोमॅटिक रायफल परवानाधारक गनस्मिथकडून मनासारखी बांधून घेतोय. जड नळी, लाकडी दस्ता, चांगला ट्रिगर, सगळं ठरलं. साइट्सचं तेवढं राहिलंय, आणि पैसेही आता बेताचेच उरलेत. 25 आणि 50 मीटरवर कागदी टार्गेट, अधूनमधून लोखंडी प्लेट्स, क्वचित 100 मीटर. लोखंडी साइट्स (नळीवरची नेमाची खाच आणि टोक) घेऊ, रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट) की स्कोप (दुर्बीण)?

उत्तर : घोडं पेंड खातं ते ‘साइट्सचं तेवढं राहिलंय’ इथेच. दस्ता अजून तयार झाला नसेल तर आज फोन करून काम थांबवा. रागावून नाही, नीट समजावून.

कारण असं. दस्त्याची गालाखालची कड किती उंच हवी, हे ठरतं तुमचा डोळा कुठल्या उंचीवरून बघणार आहे त्यावर. लोखंडी साइट्स नळीला जवळजवळ चिकटून असतात. स्कोपची मध्यरेषा नळीच्या मध्यरेषेपासून चार सेंटिमीटर किंवा त्याहून वर जाते. लोखंडी साइट्ससाठी कोरलेल्या दस्त्यावर स्कोप बसवला की गाल टेकतच नाही, हनुवटी टेकते आणि मान तरंगत राहते. पहिल्या दहा गोळ्या छान जातात. मग मान दुखू लागते, डोळा दर वेळी थोडा वेगळ्या जागी येतो आणि ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा गोळ्यांचा पुंजका, पसरतो. दोष मात्र नळीला जातो. म्हणून माझ्याकडे क्रम उलटा असतो: आधी अंतर आणि डोळा, त्यावरून साइट, साइटवरून दस्ता. नळी आणि ट्रिगरचा विचार त्यानंतर. गालाची कड वर-खाली होणारी असेल तर उत्तमच, मग निम्मा प्रश्न सुटला.

आता तुमचा डोळा. बावन्नाव्या वर्षी लोखंडी साइट्सचं दुखणं हे की मागची खाच, पुढची साइट आणि टार्गेट अशा तीन अंतरांवर एकाच वेळी बघायचं असतं, आणि डोळ्याच्या भिंगाची ती लवचीकता चाळिशीतच ओसरायला लागते. त्यात प्रोग्रेसिव्ह चष्मा. नेम धरताना मान पुढे झुकते आणि तुम्ही काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून बघता. नेमका तोच भाग नंबराच्या दृष्टीने सगळ्यात बेभरवशाचा. रेंजसाठी एकाच नंबराचा वेगळा चष्मा करून घ्या. लोखंडी साइट्सच वापरायच्या असतील तर दूरच्या नंबरात साधारण अधिक अर्धा मिळवून घेतात. त्याने पुढची साइट स्पष्ट दिसते आणि टार्गेट थोडं धूसर. ते धूसर असलेलं चालतं. नेत्रतज्ज्ञाला मात्र ‘जवळचा चष्मा’ असं सांगू नका, वाचायचा मिळेल. डोळ्यापासून पुढच्या साइटपर्यंतचं अंतर मोजून न्या.

स्कोपमध्ये आणि रेड डॉटमध्ये ही तीन अंतरांची कसरत नसते, खूण आणि टार्गेट एकाच पातळीवर दिसतात. दोहोंपैकी तुम्हाला काय? प्लेट्सच पाडायच्या असत्या तर मी बेलाशक रेड डॉट म्हटलं असतं. पण तुमचा बराचसा वेळ कागदावर जाणार. दोन मिनिट-ऑफ-अँगलचा (हे कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग) ठिपका 50 मीटरवर 29 मिलिमीटर झाकतो, 100 मीटरवर 58. तुमची नवी जड नळी 50 मीटरवर त्या ठिपक्याच्या आत ग्रुप टाकणार असेल, तर तो बघायचा कशाने? तेव्हा स्कोप घ्या. आणि 25 पटीचा नको, 2 ते 7 किंवा 3 ते 9 पटीचा.

मोठ्या पटीचं वेड सगळ्यांनाच असतं, म्हणून जरा थांबून सांगते. स्कोपच्या पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, एवढ्या व्यासाचा प्रकाशाचा झोत तुमच्या डोळ्यापर्यंत येतो. 40 मिलिमीटरचं भिंग आणि 4 पट म्हणजे 10 मिलिमीटरचा झोत. डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी चित्र जात नाही. तोच स्कोप 12 पटीवर नेला की झोत 3.3 मिलिमीटर, आणि प्लेटवरून प्लेटवर जाताना काळी सावली दिसलीच समजा. शिवाय पट वाढली की तुमच्या हाताची थरथरही तेवढीच मोठी दिसते. थरथर आधीही होती, फक्त दिसत नव्हती. ती बघून लोक ट्रिगर हिसकायला लागतात.

खरेदी करताना सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पॅरलॅक्स. डोळा मध्यापासून सरकला की रेटिकल, म्हणजे स्कोपमधली नेमाची खूण, टार्गेटवर सरकल्यासारखं दिसतं, तो हा दोष. ठरावीक एका अंतरावर तो शून्य असतो. मोठ्या काडतुसांसाठीचे बरेच स्कोप 100 यार्ड किंवा त्यापुढे जुळवलेले असतात. 40 मिलिमीटर भिंगाचा आणि 100 मीटरला जुळवलेला स्कोप 25 मीटरवर वापरला, तर डोळा पार कडेला गेल्यास चूक जास्तीत जास्त 15 मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते. कागदावर 15 मिलिमीटर म्हणजे हातचे गुण गेले. म्हणून रिमफायरसाठी, म्हणजे तुमच्या पॉइंट टू-टूसारख्या काडतुसासाठी, 50 यार्डला जुळवलेला स्कोप घ्या, नाहीतर बाजूच्या चकतीने किंवा पुढच्या भिंगाशी जुळवता येणारा. दुकानातच तपासा: स्कोप टेकवून स्थिर ठेवा, हात न लावता फक्त डोळा वर-खाली हलवा. रेटिकल टार्गेटवर चालू लागलं तर तो स्कोप त्या अंतरासाठी नाही.

सेमी-ऑटोची म्हणून दोन-तीन पथ्यं आहेत. टोपण, म्हणजे झाडलेल्या काडतुसाचं रिकामं कवच, बाहेर पडण्याची खिडकी उजवीकडे, आणि स्कोपची उजवी घुंडी भलतीच खाली आली तर टोपणं तिच्यावर आपटून परत आत येतात आणि रायफल अडते. स्कोप फार मागे घेतला तर बोल्ट ओढणारी बोटं त्याखाली अडकतात. दोन्ही गोष्टी बसवायच्या आधी, रायफल रिकामी असल्याची खात्री करून, हाताने बोल्ट मागे ओढून बघता येतात. आणि स्कोपचा माउंट पूर्णपणे रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट ज्यात असतो त्या मुख्य भागावर, बसवा. अर्धा रिसीव्हरवर आणि अर्धा पुढच्या हँडगार्डच्या (नळीभोवतीच्या आवरणाच्या) रेलवर, म्हणजे खाचांच्या पट्टीवर, असं कधीही नको. रायफलचा पट्टा ओढला की हँडगार्ड वाकतो आणि त्याच्याबरोबर तुमचा झिरोही (ठरावीक अंतरावर नेम आणि गोळी जुळवलेली असते ती जुळणी). नळी मोकळी तरंगती ठेवायची ती ह्याच दाबापासून वाचवायला, मग साइट त्याच हँडगार्डला बांधून काय मिळवलं?

माउंट घेताना रेल कुठली ते विचारा. पिकॅटिनीची खाच 5.23 मिलिमीटर रुंद, वीव्हरची साधारण 4.6. वीव्हरचे माउंट पिकॅटिनीवर बहुधा बसतात, उलटं जमेलच असं नाही. स्क्रू टॉर्क मोजणाऱ्या पान्यानेच आवळा, कंपनीने दिलेल्या आकड्यावर. अंदाजाने आवळलेल्या रिंगांनी चेपलेल्या स्कोपच्या नळ्या मी पुष्कळ बघितल्यात, आणि मालक मंडळी स्कोप ‘फिरत नाही’ म्हणून तक्रार करत असतात.

पैशांचं म्हणाल तर ट्रिगर आहे तो राहू द्या, तिथले वाचवा. सेमी-ऑटोमध्ये ट्रिगर फार हलका करण्याची हौस तशीही धोक्याची. ते काम गनस्मिथ सांगेल त्या मर्यादेत.

प्रश्न : नवा रेड डॉट घेतला. ठिपका गोल दिसायच्या ऐवजी शेपूट असलेला, स्वल्पविरामासारखा दिसतो. परत करू का?

उत्तर : आधी मोबाइलने साइटमधून फोटो काढा, मग ठरवा. फोटोत ठिपका गोल आला तर साइट निर्दोष आहे, शेपूट तुमच्या डोळ्यात आहे. दुसरी परीक्षा अशी: साइट रायफलवरून काढून हातात धरा आणि गोल फिरवा. शेपूट साइटबरोबर फिरली तर दुकानदाराकडे जा. ती जागच्या जागी राहिली आणि तुम्ही मान तिरकी केल्यावर मानेबरोबर वळली, तर नेत्रतज्ज्ञाकडे. कारण बहुधा अ‍ॅस्टिग्मॅटिझम, म्हणजे चष्म्याच्या चिठ्ठीवरचा सिलिंड्रिकल नंबर.

इलाज तीन. योग्य नंबराचा चष्मा घालून नेम धरा. ठिपक्याची चमक दिसेल एवढीच ठेवा, बरेच जण ती उगाचच वाढवून ठेवतात आणि मग ठिपका फुलतो. आणि तरीही नाही जमलं तर प्रिझम साइट बघा. तिचं रेटिकल काचेवर कोरलेलं असतं, बॅटरी संपली तरी काळं दिसतं, आणि तुमच्यासारख्या डोळ्यांना बहुतेक वेळा रेखीव दिसतं. डोळा मात्र ठरावीक अंतरावरच ठेवावा लागतो, रेड डॉटची मोकळीक तिथे नाही.

1975 साली स्वीडनच्या एमपॉइंटने इलेक्ट्रॉनिक रेड डॉट बाजारात आणला. त्याच्याही आधी, 1900 साली, डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांनी परावर्तित खुणेच्या साइटची कल्पना मांडली होती. इतक्या वर्षांत साइट पुष्कळ सुधारली, डोळे आहेत तेच आहेत.

प्रश्न : पॉइंट टू-टू 50 मीटरला अगदी मध्यावर झिरो केली. 10 मीटरवर गोळी खाली लागते. गुरुत्वाकर्षणाने गोळी दूर गेल्यावर खाली यायला हवी ना? जवळच खाली कशी?

उत्तर : कारण ती निघतेच खालून. तुमची नजर स्कोपमधून जाते, गोळी त्याच्या चार सेंटिमीटर खालच्या नळीतून. नळी नजरेच्या रेषेच्या तुलनेत किंचित वर रोखलेली असते, त्यामुळे गोळी खालून वर येत नजरेची रेषा ओलांडते, काही अंतर तिच्यावरून जाते आणि मग पडत पडत 50 मीटरवर पुन्हा तिला येऊन मिळते. साधारण 330 मीटर प्रति सेकंद वेगाच्या काडतुसाचा हिशेब मांडला तर 10 मीटरवर गोळी सव्वा सेंटिमीटरच्या आसपास खाली, 25 मीटरवर सुमारे एक सेंटिमीटर वर, 50 ला मध्यावर आणि 100 ला चांगली वीतभर खाली. रेड डॉट उंच माउंटवर असेल तर जवळच्या अंतरावरचा हा फरक आणखी वाढतो.

10 मीटरवर चुकतेय म्हणून झिरो बिघडवू नका. कागदावर अंतरागणिक गोळ्या कुठे लागतात ते लिहून ठेवा आणि तो कागद दस्त्याला चिकटवा. स्कोपच्या घुंडीची पाव मिनिट-ऑफ-अँगलची एक क्लिक नेम 50 मीटरवर 3.6 मिलिमीटर सरकवते, 100 वर 7.3. आणि झिरो तीन गोळ्यांवर ठरवू नका, निदान दहा टाका. तीन गोळ्यांचा ग्रुप बऱ्याचदा तोंडदेखलं बोलतो.

प्रश्न : मी नववीत आहे. 10 मीटर एअर रायफल शिकते. मला स्कोप लावला तर गुण वाढतील का?

उत्तर : वाढतील, पण मोजणार कोण? आंतरराष्ट्रीय नियमांत 10 मीटर एअर रायफलला दुर्बीण चालत नाही, मागे डायॉप्टर (बारीक भोकाची साइट) आणि पुढे रिंग. तुझ्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे, म्हणजे तुला तो दिसतच नाही, आणि दिसायची गरजही नाही. तुला दिसतो 30.5 मिलिमीटरचा काळा गोल. तो पुढच्या रिंगच्या बरोबर मध्ये, भोवती सगळीकडे सारखी पांढरी कड ठेवून धरायचा. वर्तुळात वर्तुळ मध्यावर आहे की नाही, हे डोळ्याला न सांगता कळतं.

रिंग फार लहान घेऊ नकोस. लहान रिंगमध्ये कड चिमटल्यासारखी होते, काळा गोल तिला चिकटतोय असं वाटतं आणि तू जास्त वेळ धरून बसतेस. मागचं भोक बहुतेकांना एक ते सव्वा मिलिमीटरच्या आसपास बरं पडतं. त्याहून बारीक केलंस की चित्र रेखीव होतं पण काळवंडतं. आठ-दहा सेकंदांत गोळी गेली नाही तर रायफल खाली घे, श्वास घे, पुन्हा सुरू कर. आणि न वापरणारा डोळा मिटू नकोस, त्याच्यापुढे पांढरी पट्टी लाव. मिटलेल्या डोळ्याचा ताण दुसऱ्यावर येतो.

प्रश्न : सुटे भाग मागवून, रिसीव्हर घरच्या घरी तयार करून सेमी-ऑटो रायफल बांधण्याची पद्धत द्याल का?

उत्तर : नाही. ते परवान्याचं आणि परवानाधारक गनस्मिथचं काम. नियम देशागणिक वेगळे आहेत, कुठे कुठे तर एकटा सुटा भाग बाळगणंही गुन्हा ठरतो. पहिला भाग मागवायच्या आधी लेखी परवानगी हातात घ्या. साइट कुठली घ्यावी, दस्ता किती लांब हवा, हे मात्र अवश्य विचारा. त्यासाठी पत्रात दंडाची लांबी, चष्म्याचा नंबर आणि कुठल्या अंतरावर खेळता ते लिहा, नुसतं ‘चांगली साइट सुचवा’ नको.