दुचाकीवर होतो, हेल्मेट नव्हतं, महाडजवळ ट्रकने उडवलं, पाय जायबंदी झाला. माडावर चढून नारळ काढतो, राहतो कुडाळला. भरपाईचा दावा कुठे आणि किती?

महाडला हेलपाटे घालायची गरज नाही. मोटार अपघात दाव्यात अपघाताची जागा, तुमचं राहतं ठिकाण किंवा समोरच्याचं ठिकाण, यांपैकी कुठेही अर्ज चालतो. म्हणजे तुम्हाला ओरोसचं जिल्हा न्यायालय जवळ. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अर्ज ६ महिन्यांत करायचा आहे, हे मात्र डोक्यात ठेवा. 'पाय बरा झाला की बघू' म्हणत बसू नका.

किती मिळेल याला ठरलेला दर नाही. तुम्ही माडावर चढून नारळ काढता, हा इथला कळीचा मुद्दा. दाखल्यावर अपंगत्व २० टक्के असेल, पण त्या पायाने पुन्हा माडावर चढता येणार नसेल तर कमाईचं नुकसान त्याहून बरंच जास्त धरलं जाऊ शकतं. पगाराची स्लिप कुठून आणणार? ज्यांच्या बागांत काम करता त्या दोन-तीन बागायतदारांची साक्ष घ्या. औषधांची बिलं, एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा.

ट्रकवाल्याची चूक सिद्ध करायची नसेल तर त्याच कायद्याचं कलम १६४ आहे. गंभीर दुखापतीला अडीच लाख, पण तेवढ्यावरच विषय संपतो. माझ्या मते तुम्ही तिकडे वळू नये. आणि हो, हेल्मेट नव्हतं म्हणून दावा बुडत नाही. पायाच्या दुखापतीचा हेल्मेटशी संबंधच काय!

विमा कंपनीचा माणूस घरी आला तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.