नव्या लेखकास: रूपांतरकथेतील वर्ण, जमात आणि लिंग

तुमच्या कथेत जळगावचा एक कारकून नंदुरबार जिल्ह्यातील धडगावची, पावरा या आदिवासी जमातीची तरुणी होऊन जागा होतो. कल्पना चांगली आहे. परंतु सावळा वर्ण, चांदीचे दागिने आणि ‘रानटी मोकळेपणा’ एवढ्यावरच तिचे स्त्रीत्व उभे केल्याने ती माणूस न राहता नुसता वेश ठरते. काल ज्याला एसटीचा कंडक्टर ‘साहेब’ म्हणत होता, तिलाच आज तो ‘ए बाई, मागे सरक’ म्हणतो, हे दाखवा. त्या एका वाक्यात लिंग, वर्ण आणि जमात तिन्ही येतात. तिच्या तोंडी पावरी बोली असावी, सरसकट अहिराणी नव्हे.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे, की १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि त्याच कायद्याच्या दुसऱ्या भागात गुन्ह्यांचा संशय असलेल्या तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवण्याची तरतूद केली. पारलिंगी (ट्रान्सजेंडर) पात्र फसवे किंवा आदिवासी पात्र चोर रंगवताना तुम्ही तोच शिक्का पुन्हा उमटवत असता. रूपांतर शिक्षा म्हणून तर मुळीच लिहू नका. मसुदा आधी पावरा आणि पारलिंगी वाचकांना दाखवा, आणि त्यांना खटकलेला परिच्छेद, तो तुमचा कितीही आवडता असला तरी, नव्याने लिहा.