कात्रजचं प्राणिसंग्रहालय दोन लहान मुलं आणि सासूबाईंना घेऊन जमेल का?

प्रश्न असा होता : "आम्ही सोलापूरहून दोन दिवसांसाठी पुण्यात येतोय. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी अडीच वर्षांची, शिवाय सासूबाईंचे गुडघे दुखतात. कात्रजचं प्राणिसंग्रहालय अर्ध्या दिवसात होईल का? आणि प्राणी खरंच दिसतात की नुसती झाडंच बघून परत यायचं?"

बुधवार सोडून कुठल्याही दिवशी या. बुधवारी बंद असतं. मी धनकवडीत राहते, रिक्षानं दहा मिनिटांवर, आणि तरीही नाशिकहून आलेल्या भावाच्या कुटुंबाला मी एकदा ऐटीत बुधवारीच घेऊन गेले होते. बंद फाटकासमोर भाच्यानं विचारलं, "आत्या, प्राण्यांना पण सुट्टी असते?" रखवालदार हसून म्हणाला, "त्यांना नाही, मला पण नाही. तुम्हाला आहे." वहिनी अजून तो प्रसंग जेवणाच्या ताटावर काढते.

तर, अर्ध्या दिवसात होतं का? "सगळं" बघायचं असेल तर नाही होत. मोजकं बघायचं असेल तर छान होतं, आणि लहान मुलांबरोबर मोजकंच बघावं असं माझं मत आहे. जागा १३० एकरांची, त्यातला ४२ एकरांचा तर तलावच. म्हणजे एका प्राण्यापासून दुसऱ्यापर्यंत बरंच चालावं लागतं. प्रत्येक पाटीपाशी अर्धा मिनिट थांबत पुढे सरकणारी कुटुंबं मी दर रविवारी बघते. दोन तासांनी त्यांची मुलं रस्त्यावर बसकण मारतात आणि बाबा म्हणतात, "चल, फक्त वाघ राहिलाय."

यायचं कसं, ते आधी. नाव राजीव गांधी प्राणिसंग्रहालय. रिक्षावाल्याला मात्र "स्नेक पार्क" किंवा "सर्पोद्यान" सांगा, पटकन कळेल. कारण इथे आधी सर्पोद्यान आलं, १९८६ साली, नीलमकुमार खैरे यांच्या खटपटीतून. हे तेच खैरे, ज्यांनी १९८० साली ७२ विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत ७२ तास काढले होते. बाकीचे प्राणी नंतर आले. रेल्वेनं येणार असाल तर पुणे स्टेशनवर मेट्रो घ्या, सिव्हिल कोर्टला बदला आणि स्वारगेटला उतरा. तिथून कात्रजकडे जाणाऱ्या पीएमपीच्या बस दर थोड्या वेळानं सुटतात. स्वतःची गाडी असेल तर सातारा रस्त्यावर रविवारी दुपारी काय होतं ते मी लिहीत नाही, तुमचा मूड जाईल.

सकाळी साडेनऊच्या सुमारास उघडतं. उघडताउघडता आत शिरा. दुपारी बारानंतर वाघ, बिबट्या, अस्वल ही मंडळी सावली बघून आडवी होतात. "नुसती झाडं बघितली" अशी तक्रार करणारे बहुतेक जण दुपारी एकला आलेले असतात. सासूबाईंसाठी आत बॅटरीवर चालणारी गाडी आहे, तिचं तिकीट वेगळं. सुट्टीच्या दिवशी तिची रांग प्रवेशाच्या रांगेपेक्षा मोठी होते, म्हणून तुमच्यापैकी एकानं आधी त्या रांगेत उभं राहा, दुसऱ्यानं मुलांना घेऊन सर्पोद्यानात जा. ते फाटकापासून जवळच आहे.

आणि सर्पोद्यानात वेळ घालवा. माझ्या मते पुण्याबाहेरून आलेल्या माणसानं इथे सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो इथेच. वाघ तुम्हाला टीव्हीवर रोज दिसतो. घोणस मात्र तुमच्या सोलापूरच्या शेतात असते आणि बहुतेकांनी ती कधी नीट बघितलेली नसते.

मी भाच्याला घेऊन गेले तेव्हा (ही बुधवारनंतरची, गुरुवारची गोष्ट) तो घोणशीसमोर नाक काचेला लावून उभा राहिला आणि दोन मिनिटांत म्हणाला, "ही खोटी आहे." खरंच तशीच दिसत होती. जाड, मातकट, पाठीवर साखळीसारखे गोल ठिपक्यांचे तीन पट्टे, वाळल्या पानात ठेवलेला दोरखंडच जणू. मी म्हटलं, थांब. पाच मिनिटं गेली. मागून तीन कुटुंबं "काही नाही रे इथे" म्हणत पुढे गेली. मग तिची जीभ बाहेर आली, दोनदा लपलपली आणि आत गेली. बस, एवढंच. भाचा दोन पावलं मागे सरकला, आणि घरी जाऊन आजीला त्यानं वाघाआधी ही गोष्ट सांगितली. घोणस चिडली की कुकरची शिट्टी होण्याआधी वाफ सुटते तसा आवाज करते. शेतात हा आवाज आला तर आहे तिथेच थांबून मग हळूहळू मागे यायचं, हे त्याला तेव्हाच सांगून टाकलं.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. माणसांना होणाऱ्या जीवघेण्या सर्पदंशांत आपल्याकडे मुख्यतः हे चौघं असतात, आणि दवाखान्यात मिळणारं प्रतिसर्पविष याच चौघांच्या विषांवर बनवलेलं असतं. तुमच्या मुलाला हे चारच दाखवलेत तरी पुष्कळ झालं. मोठ्यांनी मण्यार आणि कवड्या यांतला फरक डोळ्यांत साठवून न्यावा. दोघंही काळपट, दोघांच्याही अंगावर पांढरे आडवे पट्टे, आणि कवड्या बिचारा बिनविषारी असून मण्यार समजून मारला जातो. मण्यारीचे पट्टे मानेपाशी अंधूक असतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचं उलटं, पुढे ठळक आणि मागे विरत जाणारे. घरात असा साप निघाला तर पट्टे मोजत बसू नका, सर्पमित्राला फोन करा. पण इथे काचेमागे निवांत बघायला मिळतं तर बघून घ्या.

काचेवर टकटक करायची नाही, हे मुलाला आत शिरण्याआधीच सांगा. सापाला बाहेरचे कान नसतात, पण जबड्याच्या हाडातून त्याला थरथर जाणवते. दिवसभर हजार माणसं टकटक करत असतील तर त्याचं काय होत असेल, विचार करा. नागपंचमीच्या आसपास तर इकडे पाय ठेवायला जागा नसते. तुमचा बेत श्रावणातला असेल तर पंचमीचा दिवस टाळा. आणि सासूबाईंना आवडलं नाही तरी सांगून ठेवते, साप दूध पीत नाही. तहानेनं कासावीस केलेला साप समोर येईल त्यात तोंड घालतो, गारुडी त्यालाच दूध पिणं म्हणायचे.

सर्पोद्यान झालं की गाडीत बसून थेट मोठ्या प्राण्यांकडे जा. वाटेत हरणं लागतील. मुलगी झोपलेली नसेल तर चितळ दाखवा, पण काळवीट लागला तर रेंगाळू नका. तुमच्या नान्नजच्या माळरानावर तो मोकळा पळतो. कुंपणाआडचा काळवीट बघायला सोलापूरकरानं पुण्याला यावं म्हणजे जरा अतीच. मुलाला एक कोडं मात्र घाला : चितळ आणि सांबराची शिंगं दर वर्षी गळतात आणि नवी येतात, काळविटाची आणि चौशिंग्याची गळत नाहीत. का? मोठ्यांनाही हे सांगता येत नाही. चितळ-सांबराचं शिंग भरीव हाडाचं, वाढताना त्यावर मखमलीसारखी कातडी असते. काळविटाचं मात्र आत हाड आणि वर गाई-म्हशींसारखं टणक आवरण, ते जन्मभर टिकतं. म्हणजे हिशोबानं काळवीट चितळापेक्षा गाईला जवळचा.

गवा दिसला तर त्याचे पाय बघा. गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे. शेजारी कुणीतरी हमखास "रानरेडा, रानरेडा" म्हणेल. म्हणू दे.

आता अस्वल. माझं सगळ्यात लाडकं ठिकाण. लोक ते "मजेशीर" म्हणून बघतात आणि पुढे जातात. त्याच्या तोंडाकडे लक्ष द्या. वरचे मधले दोन दात त्याला नसतातच, आणि खालचा ओठ लांब, लोंबता. वारूळ उकरायचं, नाकपुड्या मिटून घ्यायच्या आणि त्या फटीतून वाळवी ओढायची, अशी ती सोय आहे. एकदा त्याच्या आवारात एक आडवा ओंडका टाकलेला होता आणि त्याच्या भेगेत काहीतरी असावं. अस्वल तोंड लावून असं ओढत होतं की आमच्या शेजारचे आजोबा म्हणाले, "बशीतून चहा पितंय." अगदी तोच आवाज. आमची सगळी रांग हसली, अस्वलानं मान वर केली, आमच्याकडे बघितलं आणि परत ओंडक्याला तोंड लावलं.

वाघाबद्दल एक नावडतं मत आहे, रागावू नका. पांढऱ्या वाघापुढे सगळ्यात मोठी गर्दी असते आणि मला तिथे सगळ्यात कमी वेळ थांबावंसं वाटतं. पांढरा वाघ म्हणजे वेगळी जात नाही, आपलाच पट्टेरी वाघ. एका जनुकातला फरक, एवढंच. १९५१ साली रीव्याच्या महाराजांनी जंगलात एक पांढरा बछडा पकडला, त्याचं नाव मोहन. पांढरे बछडे हवेत म्हणून पुढे त्याची जोडी त्याच्याच मुलीशी लावली, आणि १९५८ मध्ये ते झाले. प्राणिसंग्रहालयांत दिसणारे बहुतेक पांढरे वाघ त्या घराण्यातले. रक्ताच्या नात्यातच जोड्या लावत गेल्यामुळे त्यांच्यात तिरळेपणासारखे दोष पुष्कळ दिसतात. मुलांना दाखवा जरूर, सुंदरच दिसतो तो. पण नंतर साध्या पिवळ्या वाघासमोर जास्त वेळ उभे राहा. आणि "ए वाघोबा" म्हणून शिट्टी मारणारा जो काका तिथे असतो (असतोच), त्याच्यापासून चार हात लांब.

माझ्या आईला हे सगळं फार आवडतं, कारण तिच्या डोळ्यांसमोर पेशवे पार्क आहे. सारसबागेशेजारचं. १९५३ साली महापालिकेनं तिथे प्राणिसंग्रहालय काढलं होतं, आणि मी लहान असताना आम्ही तळ्यातल्या गणपतीला गेलो की तिकडे जायचोच. छोटे पिंजरे, जाड गज, आणि तो एक उग्र वास. येरझाऱ्या घालणाऱ्या वाघाची नखं फरशीवर वाजायची, ती मला अजून ऐकू येतात. २००५ पर्यंत ते प्राणी कात्रजला हलवले. इथे पिंजऱ्याऐवजी खंदक आहेत, झाडं आहेत, प्राण्याला नको असेल तेव्हा आड जायला जागा आहे. म्हणून तर तो कधीकधी दिसत नाही. मला विचाराल तर ही तक्रार नाही. मुलीला कंटाळा आला तर दुसऱ्या दिवशी पेशवे पार्कात फुलराणीत बसवा. ती छोटी आगगाडी १९५६ पासून आहे. अडीच वर्षांच्या मुलीला वाघापेक्षा तीच लक्षात राहण्याची शक्यता जास्त.

खाण्याचं : वेफर्सची पाकिटं, प्लॅस्टिकच्या पिशव्या नेऊच नका. माकडांना दाणे टाकणं तर अजिबात नको, कुणी टाकत असेल तर मुलांसमोरच सांगा. पाण्याची स्टीलची बाटली, टोपी, आणि सासूबाईंसाठी छत्री, उन्हालाही आणि पावसालाही. परत निघताना कात्रज डेअरीची लस्सी घ्या, डेअरी जवळच आहे.

सासूबाई मध्येच दमल्या तर त्यांना तलावाच्या बाजूला बसवा. कंटाळतील असं वाटत असेल तर त्यांना सांगा की नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात कात्रजच्या तलावाचं पाणी भुयारी नळातून थेट शनिवारवाड्यापर्यंत नेलं होतं. माझ्या सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आणि आपल्याकडे तिसऱ्या मजल्यावर चढत नाही." मग तासभर त्या तिथेच पाण्यावरचे बगळे बघत बसल्या. आम्ही वाघ बघून आलो तरी उठायला तयार नव्हत्या.