शाळेला सांगायचं का?

"ताई, शाळेत सांगितलं तर काढून टाकतील. नाही सांगितलं तर रोज तक्रार ऐकायची. काय करू मी?"

सव्वाचार वर्षांच्या मुलाची आई विचारत होती. त्याला सोहम म्हणू या. स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) निदान होऊन पाच महिने झाले होते, पण फाइल कपाटात साड्यांखाली होती. बालवाडीत त्याच्यावर 'हट्टी' असा शिक्का बसला होता.

मी विचारलं, "शाळेत तो नेमका कधी रडतो?"

"सकाळी, प्रार्थना सुरू झाली की."

"आणि घरी?"

घरी कुकरच्या शिट्टीला रडायचा. मग आजीने एक सवय लावली. शिट्टीची वेळ झाली की ती त्याच्याजवळ बसते, "आता वाजणार हं," म्हणते. तो कान झाकून वाट बघतो, आणि शिट्टी झाली की चक्क हसतो! आजीने कुठलं प्रशिक्षण घेतलेलं नाही. नातवाकडे नीट बघितलं, एवढंच.

आम्ही दोघी शाळेत गेलो. फाइल पिशवीत होती, पण आधी कुकरची गोष्ट सांगितली. बाई जरा वेळ गप्प झाल्या. सोहमची जागा बरोबर स्पीकरखाली होती. "मला वाटायचं, मुद्दाम करतो," त्या म्हणाल्या. बत्तीस मुलं आणि मदतीला एक मावशी. अशा बाईंवर राग धरणं मला तरी जमत नाही. मग आईनेच फाइल काढून टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्याचं आसन दाराजवळ गेलं. स्पीकर लावण्याआधी मावशी त्याला आजीचेच शब्द सांगू लागल्या. बाईंनी वहीच्या पुठ्ठ्यावर चार चित्रं काढली: प्रार्थना, गाणी, डबा, घर. एक झालं की ते चित्र उलटं करायचं. पुढे काय होणार हे दिसत राहिलं की अशा मुलांची घालमेल कमी होते. तिसऱ्या आठवड्यात 'प्रार्थना'चं चित्र सोहमने स्वतः उलटं केलं.

काढून टाकतील ही आईची भीती खोटी नव्हती. असे अनुभव मी ऐकले आहेत. पण २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात स्वमग्नता येते, आणि सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यावा, असं तो सांगतो. खासगी बालवाडी असेल तर मान्यतेचं प्रवेशाआधीच विचारून घ्या. अंगणवाडीत जाणाऱ्या मुलांची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वर्षातून दोनदा तपासणी होते. त्या पथकाला मनातली शंका मोकळेपणाने सांगा. गरज वाटल्यास ते जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्रात पाठवतात आणि तिथले उपचार मोफत असतात.

डब्यानंतरचा गोंगाट सोहमला अजून झेपत नाही. त्या अर्ध्या तासाचं काय करायचं, यासाठी बाई, आई आणि मी शनिवारी पुन्हा बसणार आहोत. या वेळी आजीलाही बोलावलंय.